पालिकेची शाळा कोणाच्या पैशावर चालते?

मुंबईत महापालिकेच्या शाळांचा विषय निघाला की एक युक्तिवाद ठरलेल्या क्रमाने मांडला जातो. सोसायटीच्या सभेत, प्रभागातल्या बैठकीत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर, सगळीकडे तोच. मालमत्ता कर आम्ही भरतो. आमची मुले पालिकेच्या शाळेत जात नाहीत. ज्यांची जातात त्यांचीही संख्या घटते आहे, वर्ग ओस पडले आहेत. उरलेल्या एकेका मुलामागे पालिका वर्षाला लाखाच्या वर खर्च करते. मग एवढ्या पैशात तेच मूल चांगल्या खाजगी शाळेत का घालू नये? आणि शाळेची मोक्याची जागा वाहनतळाला किंवा उद्यानाला का देऊ नये?

हे बोलणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांच्या घरापुढचा रस्ता दर पावसाळ्यात उखडतो, पाण्याचा दाब कमी असतो, आणि आपला पैसा नेमका जातो कुठे असा प्रश्न त्यांना पडतो. मी त्यांच्याच शेजारी राहतो, तेच बिल भरतो. त्यांचा राग मला कळतो. पण या युक्तिवादातले एकेक वाक्य तपासले तर काही अर्धवट खरे निघते आणि काही मुळातच चुकीचे. त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र तीन लाखांच्या आसपास मुलांच्या मुळावर येणारा आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची सगळी इमारत त्यावर उभी आहे. मालमत्ता कर आम्ही भरतो, म्हणजे पालिका आम्ही चालवतो, अशी ही समजूत. 2025-26 चे मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचे होते. त्यात मालमत्ता करातून अपेक्षित धरलेले उत्पन्न 5,200 कोटी. आणि जकातीच्या बदल्यात राज्य सरकारकडून मिळणारी नुकसानभरपाई 14,398 कोटी. जवळजवळ पावणेतीन पट. मुंबईची जकात 1 जुलै 2017 ला बंद झाली, त्याच दिवशी वस्तू आणि सेवा कर आला, आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई दर वर्षी 8 टक्के वाढवून देण्याची तरतूद राज्याने कायद्याने केली. ही भरपाई राज्याच्या तिजोरीतून येते. ती तिजोरी भरते कोण? साबणाची वडी घेणारी, मोबाइलचे रिचार्ज मारणारी, मुलाला चपला घेणारी प्रत्येक व्यक्ती. जकात होती तेव्हाही हेच होते. नाक्यावर ट्रकवाला पैसे भरायचा आणि ते वस्तूच्या किमतीत मिसळून गिऱ्हाइकाच्या खिशातून निघायचे.

म्हणजे ज्या बाईचे मूल पालिकेच्या शाळेत शिकते, ती आपल्या घरची धुणीभांडी करून जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून जे काही घेते, त्यातून ती पालिकेच्या तिजोरीत भर घालत असते. तिला पावती मिळत नाही, एवढाच फरक. आपल्याला बिल येते, त्यावर आपले नाव असते, म्हणून आपण स्वतःला करदाते म्हणवतो आणि तिला लाभार्थी. शिवाय 2022 पासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. ही सवलत सुमारे 16 लाख घरांना मिळते. तिला माझा विरोध नाही. लहान घरात राहणाऱ्या कुटुंबाला दिलासा मिळायलाच हवा. पण त्या घरांत राहणारा मध्यमवर्गीयही जेव्हा ‘आमच्या कराच्या पैशावर’ असे म्हणतो, तेव्हा त्याने एकदा आपले बिल काढून पाहावे.

हा वाद नवा नाही. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी नेमके हेच मांडले होते. सरकारच्या महसुलाचा मोठा वाटा शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, अशी त्यांची तक्रार होती. मोठ्या शहरांच्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, हेही त्यांनी तिथेच सुचवले होते. 140 वर्षांनंतर पैसा कोण भरतो आणि कोणासाठी खर्च होतो हा प्रश्न तसाच आहे. फक्त तो आता उलटा विचारला जातो. भरणारा कोण हे नजरेआड करून, घेणाऱ्याला जाब विचारला जातो.

आता ‘आमची मुले तिथे जात नाहीत’ या वाक्याकडे वळतो. ते खरे आहे. पण त्याने सिद्ध काय होते? दक्षिण मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यावर पालिकेने सुमारे 14 हजार कोटी रुपये खर्च केले. त्यावर टोल नाही. तो मुख्यतः खाजगी मोटारींसाठी आहे, रिक्षा, दुचाकी आणि पायी माणूस त्यावर जाऊ शकत नाही. मुंबईतल्या बहुसंख्य कुटुंबांकडे मोटार नाही. तरी गोवंडीच्या किंवा मालवणीच्या माणसाने उठून ‘माझी गाडी त्यावर धावत नाही, मग माझा पैसा का घातला’ असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही. एका मोटारीमागे किती खर्च आला, याचा भागाकारही कोणी मांडत नाही. भागाकार फक्त शाळेतल्या मुलांचा होतो.

त्यातही कायद्याची बाजू बहुतेकांना ठाऊक नसते. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात पालिकेची कामे दोन भागांत वाटली आहेत. कलम 61 मध्ये तिने केलीच पाहिजेत अशी कामे आणि कलम 63 मध्ये तिला करता येतील अशी. पाणी, गटारे, दिवाबत्ती, रस्ते आणि प्राथमिक शिक्षण ही सारी पहिल्या भागात आहेत. म्हणजे शाळा चालवणे ही पालिकेची कृपा नाही. परवडेल तेव्हा चालवावी आणि जड वाटली की सोडावी, अशी ती गोष्ट नाही. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ती जबाबदारी स्थानिक संस्थेवर स्पष्ट शब्दांत टाकली. मुलाच्या घराजवळ शाळा असली पाहिजे, कोणत्याही महिन्यात आलेल्या मुलाला प्रवेश मिळाला पाहिजे, जन्मदाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येणार नाही. बांधकामावरच्या मजुराचे मूल दिवाळीनंतर या शहरात उतरते. त्याला कोणती शाळा घेते, हे कुठल्याही बांधकामाच्या जागेवर जाऊन विचारावे.

आता लाखाचा भागाकार. शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकाला विद्यार्थ्यांच्या संख्येने भागले की लाखाच्या वरचा आकडा येतो, हे खरे. 2025-26 मध्ये शिक्षणाचे अंदाजपत्रक 3,955 कोटींचे होते. पण वरची रक्कम कशाची आहे, हे भागाकार करणारा सांगत नाही. त्यात निवृत्त शिक्षकांचे निवृत्तिवेतन आहे. खाजगी अनुदानित प्राथमिक शाळांना पालिका देत असलेले अनुदान आहे, म्हणजे ज्या मुलांना खालच्या संख्येत धरलेलेच नाही त्यांचाही खर्च वरच्या रकमेत आहे. इमारतींच्या दुरुस्तीचा आणि बांधकामाचा पैसा आहे. आणि याच शिक्षणासाठी राज्याकडून पालिकेला मिळायचे अनुदान हजारो कोटींनी थकलेले आहे, ते वेगळेच. खाजगी शाळेच्या फीशी तुलना करताना मात्र फक्त फी धरली जाते. बस, गणवेश, पुस्तके, सहल, संध्याकाळचा क्लास, प्रवेशाच्या वेळी दिलेली आणि पावती नसलेली रक्कम यांपैकी काहीच धरले जात नाही. पालिकेच्या शाळेतल्या मुलाला गणवेशापासून वह्यांपर्यंत 27 वस्तू मिळतात, दुपारचे जेवण मिळते. अनेक घरांत ते दिवसातले पहिले पोटभर जेवण असते.

आणखी एक खर्च आहे, ज्याची मला लाज वाटत नाही, उलट अभिमान वाटतो. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शिकवते. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. गिरण्या चालवायला, गोदीत ओझी वाहायला, इमारती बांधायला जी माणसे या शहराने बोलावून घेतली, त्यांच्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवण्याचे काम इथल्या पालिकेने केले. कन्नड किंवा तेलुगू माध्यमाच्या वर्गात मुले थोडीच असणार आणि त्यांच्यामागचा खर्च जास्त असणार. तो वाचवायचा, म्हणजे त्या मुलांना न कळणाऱ्या भाषेच्या वर्गात बसवायचे.

या सगळ्याचा एकत्रित आवाका पाहू. 74,427 कोटींच्या अंदाजपत्रकाशेजारी 3,955 कोटी ठेवले तर प्रमाण साडेपाच टक्क्यांच्याही आत येते. त्याच अंदाजपत्रकात भांडवली कामांसाठी 43 हजार कोटींहून जास्त तरतूद होती. 2025 च्या सुरुवातीला पालिकेच्या मुदतठेवी 80 हजार कोटींच्या वर होत्या. या शहराचा रस्ता उखडतो तो शाळेने पैसा खाल्ला म्हणून नाही, आणि उद्या सगळ्या शाळा बंद केल्या म्हणून तो गुळगुळीत होणार नाही.

‘मग शाळा बंद करा आणि पालकांच्या हातात पैसे द्या,’ हा पुढचा सल्ला असतो. दिसायला तो उदार आहे. पण याचा एक छोटा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात आणि सरकार त्यांची प्रतिपूर्ती करते. महाराष्ट्रात ही रक्कम वर्षाला मुलामागे 17,670 रुपये ठरली, आणि ती वेळेवर मिळत नाही अशी संस्थाचालकांची कायमची तक्रार आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खाजगी शाळेला ही 25 टक्क्यांची अट लागू नाही, असे ठरवले. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसलेली खाजगी शाळा विरळाच, म्हणून अट जवळपास संपलीच. पालक न्यायालयात गेले आणि जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

या प्रकरणात मला जे दिसते ते असे. चारातली एक जागा गरीब मुलाला द्यायची म्हटल्यावर इतकी ओढाताण होते. मग सगळीच्या सगळी मुले याच शाळांच्या दारात उभी केली, तर त्यांना आत घेणार कोण? शिवाय सरकारची दोन बोलणी एकमेकांशी जुळत नाहीत. एकदा सांगायचे की जवळ सरकारी शाळा आहे, तिथे जा. आणि दुसऱ्यांदा सांगायचे की त्या शाळेत मुले नाहीत, म्हणून ती बंद करतो.

पैसे हातात देण्याच्या कल्पनेला करोनाच्या काळानेही उत्तर दिले आहे. पगार थांबले, दुकाने बंद पडली, आणि हजारो कुटुंबांना खाजगी शाळेची फी भरता येईना. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालांप्रमाणे ग्रामीण भारतात सरकारी शाळांत जाणाऱ्या सहा ते चौदा वयाच्या मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 65.6 टक्के होते, ते 2022 मध्ये 72.9 टक्क्यांवर गेले. मुंबईतही पालिकेच्या शाळांत मुले परतली. नंतर दिवस सुधारले, 2024 मध्ये ते प्रमाण पुन्हा 66.8 टक्क्यांवर आले. याला कोणी सरकारी शाळेचे अपयश म्हणेल. मी म्हणेन, संकटात मुलाला घेणारी शाळा तेव्हा जागेवर होती, म्हणून ती मुले शाळेत राहिली. 2019 मध्येच त्या शाळा मोडीत काढून जागा वाहनतळाला दिल्या असत्या, तर 2021 मध्ये ही मुले कुठे गेली असती?

आता ओस पडलेल्या वर्गांचा मुद्दा. हा त्यांच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि मी त्याला टाळणार नाही. पट घटला आहे. विशेषतः पालिकेच्या मराठी शाळांचा पट ज्या वेगाने घटला तो पाहून जीव तुटतो. ज्या शहरासाठी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 105 हून अधिक माणसांनी प्राण दिले, त्या शहरात मराठी शाळेच्या दाराला कुलूप लागते, हे मराठी माणसाने मुकाट्याने पाहावे अशी गोष्ट नाही. पण पट का घटला, हे विचारल्याशिवाय पटावरून निकाल देता येणार नाही.

पालकांना पालिकेची शाळाच नको आहे, असे सांगितले जाते. तसे असते तर पालिकेने 2020 मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरमध्ये आणि पुढच्या वर्षी आणखी दहा ठिकाणी सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले नसते आणि सोडत काढावी लागली नसती. इमारती पालिकेच्या, चालवणारी पालिका, वस्तीही तीच. पालकांनी नाकारली ती दुर्लक्षित शाळा. नीट चालवलेल्या शाळेसाठी तेच पालक रांगेत उभे राहिले. मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी उत्तम शिकवणारे शिक्षक, चांगली प्रयोगशाळा, जोडीला बालवाडी आणि पुढे दहावीपर्यंतची हमी एवढे जरी मनापासून केले असते, तर आज चित्र वेगळे दिसले असते, असे माझे ठाम मत आहे. मूल सातवीनंतर कुठे जाणार हे ठाऊक नसलेल्या शाळेत कोणता पालक त्याला पहिलीला घालेल?

शाळा रिकामी कशी होते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ते एका दिवसात घडत नाही हे माहीत असते. एक शिक्षक निवृत्त होतो, जागा भरली जात नाही. दोन इयत्ता एकत्र बसू लागतात. उरलेल्या शिक्षकांपैकी एकाला मतदार यादीच्या कामाला बोलावणे येते. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती ही तीन कारणे सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. व्यवहारात या ना त्या सर्वेक्षणाची यादी त्याच्या टेबलावर येतच राहते. मग इमारत धोकादायक ठरते. मुलांना मोठा रस्ता ओलांडून दुसऱ्या शाळेत जायला सांगतात. लहान मुलांच्या आया हे जमवू शकत नाहीत. काही दाखला काढतात. पुनर्बांधणीला वर्षे लागतात. आणि मग एक दिवस कागदावर लिहून येते, की पट अपुरा असल्याने शाळा चालवणे व्यवहार्य नाही. आधीच्या प्रत्येक पायरीवर निर्णय पालिकेच्या किंवा सरकारच्या कार्यालयात झालेला असतो. दोष मात्र शेवटी पालकांच्या पसंतीवर टाकला जातो.

हेच गणित राज्यभर लावले जात आहे, म्हणून मुंबईबाहेरची दोन उदाहरणे इथे सांगितली पाहिजेत. महाराष्ट्रात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा 15 हजारांच्या आसपास आहेत. 2023 मध्ये शासनाने त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याची दिशा धरली आणि पानशेत व तोरणमाळ इथले प्रयोग आदर्श म्हणून पुढे केले. सातपुड्याच्या पाड्यांवर ज्यांनी पावसाळा पाहिला आहे त्यांना विचारा, ओढा दुथडी भरला की सहा वर्षांची मुलगी समूह शाळेत कशी पोहोचते. कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर हे अंतर उगाच घातलेले नाही. आता दुसरे उदाहरण. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटाअभावी बंद पडण्याच्या उंबरठ्यावर होती. शिक्षक आणि गावकरी मिळून कामाला लागले. 2025 मध्ये जगातल्या सर्वोत्कृष्ट शाळांसाठीच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा पुरस्कार याच शाळेला मिळाला. पटाचा निकष यांत्रिकपणे लावला असता, तर पुरस्काराच्या आधीच तिच्या दाराला कुलूप लागले असते. 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले हेही सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतलेच.

प्रत्येक शाळेत असे शिक्षक असतात, असा माझा दावा नाही. पालिकेच्या शाळांत खूप काही बिघडलेले आहे. पावसाळा अर्धा सरल्यावर मुलांच्या हातात रेनकोट पडल्याचे प्रकार या शहरात घडले आहेत. मंजूर झालेला पैसा वर्षअखेर खर्चाविना उरतो. वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाला खालच्या इयत्तेचा धडा अडखळत वाचावा लागतो. यावर रागवायलाच हवे, आणि तो राग सगळ्यात आधी करदात्यांनी दाखवायला हवा. पण शाळा बंद झाली की हा राग व्यक्त करायला जागाच उरत नाही. जाब विचारायला मुख्याध्यापक नसतो, समिती नसते, अंदाजपत्रकात तिच्या नावाची ओळ नसते.

जाब विचारण्याची व्यवस्थाच अलीकडच्या काळात मोडून पडली होती, हेही विसरता येणार नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. स्थायी समिती नव्हती, शिक्षण समिती नव्हती. प्रशासनाने अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे, असे चालले. कोणत्या शाळेची दुरुस्ती का थांबली, कोणता वर्ग का जोडला, हे भर सभागृहात विचारणारा कोणी नव्हता. याच काळात, सप्टेंबर 2023 मध्ये, शासनाने दत्तक शाळा योजना आणली. ठरावीक रकमेच्या बदल्यात सरकारी शाळेला देणगीदाराचे नाव जोडण्याची त्यात सोय आहे. देणगीला कोण नाही म्हणेल? पण देणगीदार पाच-दहा वर्षांनी जातो, आणि ज्या मुलांनी तिथे पुढे शिकायचे असते ती तिथेच असतात. कायद्याने बंधनकारक असलेल्या कामासाठी धनिकांच्या दारात जाणे हे 80 हजार कोटींच्या ठेवी बाळगणाऱ्या शहराला शोभत नाही.

शाळा परवडत नाही, ही सबबही जुनीच आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना त्यासाठी शिक्षण कर बसवता यावा आणि उरलेला भार सरकारने उचलावा, अशी त्याची रचना होती. 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. पैसा कुठून आणायचा, अजून वेळ आलेली नाही, ही तेव्हाची कारणे. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1917 मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. एका लहान संस्थानाने जे करून दाखवले, ते देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेला परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही.

शाळेची इमारत फक्त शिकवण्यापुरती नसते, हेही त्या जागेवर डोळा ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आपण मतदान करतो ते बहुधा तिथेच. लोकल बंद पडून माणसे अडकतात तेव्हा पालिका तात्पुरता निवारा उघडते तो शाळांमध्ये. करोनाच्या लसीसाठी अनेक प्रभागांत रांगा लागल्या त्या शाळांच्या आवारात. एकदा ही जागा हातची गेली की मुंबईत दुसरी मिळत नाही.

आता सभागृहात नगरसेवक आहेत. माझी शेजाऱ्यांना विनंती आहे, की शाळा बंद करा म्हणण्याआधी आपल्या प्रभागातल्या शाळेत एकदा जा. किती शिक्षकांची पदे मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत, हे विचारा. इमारत रिकामी केली असेल तर पुनर्बांधणीची तारीख विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया, असा कायदा आहे. ती समिती शेवटची कधी बसली आणि तिने काय ठरवले, हे विचारा. मग या उत्तरांचा कागद घेऊन नगरसेवकाकडे जा आणि शिक्षण समितीत तो मांडायला लावा. आपण कर भरतो, म्हणून हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही तो तितकाच आहे. तिच्या मुलाची शाळा बंद करण्याचा अधिकार मात्र आपल्या कोणाच्याही बिलावर लिहिलेला नाही. तसा प्रस्ताव आपल्या प्रभागात आला, तर त्याच्या विरोधात हरकत नोंदवणाऱ्यांत पहिली सही आपली असू द्या.